बकेट, कंटेनर आणि पंचगंगेचं पाणी

मंडळी, पावसाळ्यात आपण कोल्हापूरकर सकाळी उठून पहिलं काय विचारतो? राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती फुटांवर आहे! 39 फूट म्हणजे इशारा, 43 म्हणजे धोका. 2019 च्या ऑगस्टमध्ये ते 55 च्याही वर गेलं होतं. आता समजा, धोक्याचा निरोप आपोआप गावोगाव जावा अशी व्यवस्था आपल्याला उभी करायची आहे. क्लाउडवर तुकडे तयार मिळतात. पावसाचा अंदाज, धरणाचा विसर्ग, नकाशा, एसएमएस, प्रत्येकाची वेगळी सेवा. त्या शोधायच्या आणि जोडायच्या.

शोधताना अडचण नावांची. फाइली साठवायच्या जागेला ॲमेझॉन ‘बकेट’ म्हणतं, मायक्रोसॉफ्टच्या अझूरमध्ये तिलाच ‘कंटेनर’ म्हणतात. डॉकरचा ‘कंटेनर’ आणखी निराळा, त्यात चालता प्रोग्राम असतो. नुसता शब्द शोधला की हवं ते निसटतं आणि नको ते हाती येतं. ऑन्टॉलॉजी म्हणजे संकल्पनांचा तक्ता, पण यंत्राला वाचता येईल असा. ही वस्तू कोणत्या प्रकारातली, तिचे गुण कोणते, कुणाशी नातं काय, हे त्यात लिहिलेलं असतं. तो लिहायची ‘आउल’ ही भाषा डब्ल्यूथ्रीसी या संस्थेनं 2004 मध्ये प्रमाण केली.

जोडणीसाठी प्रत्येक सेवा काय घेते आणि काय देते, हेही लिहावं लागतं. मग यंत्र शेवटाकडून मागं येतं. निरोपाला गावांची यादी हवी, यादीला पाण्याची पातळी हवी, पातळीला विसर्ग. विसर्गाची सेवा सापडली, उत्तर आलं 283. पण 283 काय? क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, क्युमेक म्हणजे एक घनमीटर. एका क्युमेकमध्ये सुमारे 35.3 क्युसेक बसतात. म्हणजे 283 क्युमेक हे जवळजवळ 10,000 क्युसेक झाले! यंत्राला मात्र तो नुसता आकडा. जोडणी बिनतक्रार होते, आणि चिखली-आंबेवाडीला निरोपच जात नाही. तक्त्यात एकक नोंदलेलं असेल तर यंत्र मध्ये रूपांतराची पायरी स्वतःच घालतं.

मग हे सर्रास का होत नाही? तक्ता लिहिणं कंटाळवाणं काम, सेवा बदलली की तोही बदलायचा. शिवाय आपलं गिऱ्हाईक सहज दुसरीकडे जावं, असं कुठल्या कंपनीला वाटेल? म्हणून सगळ्या क्लाउडचा तक्ता करायच्या फंदात आपण पडू नये, असं आमचं मत. पुरापुरता छोटा करू, आणि सुरुवात एककांपासून.