बालसंगोपन आणि गृहव्यवस्था
लेखांक सहावा : उंबरठा, कठडा आणि पाण्याची साठवण

मागील लेखांकात चूल आणि विस्तव यांचा विचार झाला. आता चालू लागलेल्या मुलाला घराच्या मर्यादेत सुखरूप कसे राखावे, या प्रश्नाकडे वळू. जागतिक आरोग्य संघटनेने निरनिराळ्या देशांतील निरोगी बालकांचे निरीक्षण करून 2006 साली जे निष्कर्ष प्रसिद्ध केले, त्यांनुसार आधारावाचून चालणे कोणास नवव्या महिन्यातच साधते, तर कोणास दीड वर्षाचा अवधी लागतो. परंतु पायांत बळ आले म्हणून धोका ओळखण्याची समज त्याबरोबर येत नाही, आणि या दोहोंमधील दोन-तीन वर्षांचे अंतर वडीलधाऱ्यांनाच भरून काढावे लागते. मुलाचे धाडस हा त्याचा अपराध नव्हे, ती त्याची वाढ आहे. म्हणून बंदोबस्त जागेचा करावा आणि मूल मोकळे ठेवावे, हे तत्त्व आरंभीच मान्य केले पाहिजे.

आपल्या धाराशिव जिल्ह्यातील जुन्या माळवदाच्या घरांत या बंदोबस्ताची काही सोय बांधणीतच होती. जाड भिंती, रांगत्या मुलाला सहसा न ओलांडता येणारा उंच उंबरठा, चौकाभोवतीची ओसरी आणि रात्री आडणा घातलेला दरवाजा यांमुळे मुलाचा संचार आपोआप आटोक्यात राही. मात्र त्याच घरांत माळवदावरील उघडी सवणी आणि परसातील आड हे दोन धोके कायमचे वस्तीला असत. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे झालेल्या भूकंपात उमरगा-लोहारा भागातील दगडमातीची घरे कोसळून अपरिमित प्राणहानी झाली, आणि त्यानंतर लोकांनी अशा बांधणीचा धसका घेऊन हलक्या भिंतींची व स्लॅबची घरे पत्करली, हे योग्यच झाले. परंतु या नव्या घरांत उंबरठा बहुधा नावापुरता असतो, जिना उघडा असतो आणि गच्चीचा कठडा पुढील हंगामावर ढकललेला असतो. तेव्हा जी राखण पूर्वी भिंती करीत, तिची तजवीज आता आपणच केली पाहिजे.

सर्वांत मोठा धोका मात्र ज्याची या जिल्ह्यात सदैव टंचाई, त्या पाण्याचाच आहे. नळाला रोज पाणी येत नाही, टँकरचा भरवसा धरता येत नाही, म्हणून हौद, रांजण, बॅरल, बादल्या, जे भांडे हाती येईल ते भरून ठेवणे प्रत्येक घराला भाग पडते. लहान मुलाचे डोके शरीराच्या मानाने जड असते. बादलीत वाकताना तोल गेला तर ते डोक्यावरच आत पडते, त्याला स्वतःस वर ओढून घेता येत नाही, आणि तोंड पाण्यात असल्यामुळे हाकही मारता येत नाही. वीतभर पाणीसुद्धा अशा वेळी प्राणघातक ठरते. यास्तव जमिनीलगतच्या हौदावर कडीकुलपाचे लोखंडी झाकण असावे, बॅरलचे झाकण दोरीने आवळावे, आणि रिकामी बादली पालथी घालण्याची शिस्त घरातील प्रत्येकाने पाळावी. शेतातील कोरड्या बोअरचे तोंड उघडे ठेवू नये; सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्येच याविषयी स्पष्ट निर्देश दिलेले आहेत.

दरवाजाची कडी मुलाच्या हाताला न लागेल इतक्या उंचीवर बसवावी. जिन्याला वर आणि खाली अशा दोन्ही ठिकाणी छोटी फाटके असावीत. कठड्याचे गज उभे असावेत, कारण आडव्या गजांवर मूल पायऱ्यांप्रमाणे चढते. आणि दोन गजांमध्ये दहा सेंटीमीटरहून अधिक फट नसावी. कठड्यालगत बाज किंवा पेटी ठेवू नये.

एवढे करूनही माणसाच्या नजरेची जागा कोणतीच कडी घेऊ शकत नाही. सोयाबीनच्या काढणीला किंवा ऊसतोडीला जाणारी माता कधीकधी मुलाच्या पायाला दोरी बांधून ती बाजेच्या खुराला अडकवते. दोरी गळ्याभोवती गुंडाळली जाण्याचे भय असल्यामुळे हा उपाय त्याज्य आहे. परंतु तिला दोष देण्यापूर्वी तिच्यापुढे दुसरा मार्ग कोणता होता, हे समाजाने स्वतःस विचारावे. 2 ऑक्टोबर 1975 रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेखालील अंगणवाडीत पूर्वप्राथमिक शिक्षण तीन वर्षांपासून मिळते. त्याहून लहान मुलांना पोषण आहार घरी दिला जातो, म्हणजे ज्या वयात मूल सर्वाधिक धाडसी असते, नेमके तेच वय दिवसभराच्या देखरेखीवाचून राहते. 2005 च्या रोजगार हमी कायद्यात कामावर सहा वर्षांखालील पाच मुले असल्यास त्यांना सांभाळण्यासाठी एक स्त्री नेमण्याची तरतूद करण्यात आली. मजूर स्त्रियांनी ती हक्काने मागावी. बांगलादेशातील खेड्यांत ‘आंचल’ नावाची शिशुगृहे सकाळी नऊ ते दुपारी एकपर्यंत, म्हणजे माता कामात गढलेल्या असतात त्याच वेळी, एक ते पाच वर्षांची मुले सांभाळतात, आणि त्यामुळे बुडून होणारे बालमृत्यू कमी झाल्याचे आढळले आहे.

आपल्याकडेही सुगीच्या दिवसांत चार-पाच घरांनी मिळून एखाद्या जाणत्या आजीकडे किंवा काकूंकडे मुले सोपवावीत, तिला त्याचा रास्त मोबदला द्यावा, आणि ग्रामपंचायतीने त्यासाठी कुंपण घातलेली, सावलीची, पाण्यापासून दूर असलेली एक जागा मुक्रर करावी. यासाठी इमारत लागत नाही. ग्रामसभेत हा विषय मांडणारा माणूस लागतो, आणि तो आपल्यापैकीच कोणीतरी झाला पाहिजे.

(पुढील लेखांकात : घरातील औषधे, कीटकनाशके आणि त्यांची कुलूपबंद साठवण.)