बिनतारी लहरी वाटेंत कोठें अडतात?

ज्या लहरींवर स्वार होऊन माझे हे शब्द आपल्या घरांत येत आहेत, त्यांच्याच कुळांतील, पण अंगानें फार लहान अशा लहरींविषयीं आज मला आपल्याशीं बोलावयाचें आहे. आपल्या लॅपटॉपला तारेवांचून जगाशीं जोडून देणाऱ्या वायफायच्या त्या लहरी होत. पूर्वीं घरांतील रेडिओ खरखरूं लागला, म्हणजे वडील मंडळी गच्चीवर जाऊन आकाशतार सारखी करीत, आणि खालून मुलें "आलें, आलें!" म्हणून ओरडत. आतां ती आकाशतार दृष्टीआड झाली आहे. बहुतेक लॅपटॉपांत ती पडद्याच्या कडेनें, झांकणाच्या आंत दडलेली असते. ती दिसत नाहीं म्हणून तिची आठवण होत नाहीं, आणि संदेश क्षीण झाला कीं आपण भलत्यालाच दोष देऊं लागतों.

असाच एक प्रसंग गेल्या वर्षीं माझ्या बहिणीच्या घरीं घडला. तिचें घर पुण्याच्या सदाशिव पेठेंत, जुन्या बांधणीचें, दीड-दीड फूट जाडीच्या विटांच्या भिंतींचें. माझ्या भाचीला एका संशोधनवृत्तीसाठीं मुलाखत द्यावयाची होती, आणि तीही घरूनच, लॅपटॉपसमोर बसून. शांतता मिळावी म्हणून तिनें अगदीं आंतली खोली निवडली व दार लावून घेतलें. तिसऱ्या प्रश्नापासून परीक्षकांचे चेहरे पडद्यावर थिजूं लागले, शब्द तुटून येऊं लागले. "पुन्हां सांगाल का?" असें तिनें तीनदां विचारलें. चौथ्या वेळीं तिला संकोच वाटला, आणि अर्ध्याच ऐकूं आलेल्या प्रश्नाचें तिनें भलतेंच उत्तर देऊन टाकलें. वृत्ति मिळाली नाहीं. पुढें घरांत दोन निदानें झालीं. बहिणीच्या मतें मुलगी ऐन वेळीं गांगरली. मेव्हण्यांच्या मतें लॅपटॉप जुना झाला, आतां नवा आणला पाहिजे. दोन्ही निदानें चुकीचीं होतीं. दोष ना मुलीचा होता, ना यंत्राचा. तो वाटेचा होता.

ही वाट समजण्यासाठीं प्रथम लहरींची लांबी ध्यानांत घेतली पाहिजे. मध्यम लहरींवर चालणाऱ्या नभोवाणीकेंद्राची एकेक लहर शेंकडों मीटर लांब असते. घर, झाड, लहानशी टेंकडी तिच्या खिजगणतींतही नसते. वायफायची गोष्ट निराळी आहे. या पद्धतीचा पहिला प्रमाण-आराखडा १९९७ सालीं प्रसिद्ध झाला आणि वायफाय हें नांव १९९९ सालीं रूढ झालें. तिच्या लहरी मुख्यतः दोन पट्ट्यांत असतात. पहिल्या पट्ट्यांतील लहरींचीं सेकंदाला सुमारें २४० कोटि कंपनें होतात व त्यांची लांबी सुमारें साडेबारा सेंटिमीटर असते. दुसऱ्यांत ५०० कोटींहून अधिक कंपनें, आणि लांबी सहा सेंटिमीटरांहूनही कमी. वीतभर किंवा त्याहून आंखूड अशा लहरीपुढें कपाट म्हणजे डोंगरच! अशा आंखूड लहरी भिंतीपलीकडे जाऊं शकतात, हें १८९५ सालीं जगदीशचंद्र बोस यांनीं कलकत्त्याच्या टाऊन हॉलमध्यें घंटा वाजवून व बंदुकीची दारू पेटवून दाखविलें होतें. मात्र भिंत ओलांडतांना त्यांना जकात द्यावी लागते. लांकडी दार थोडी घेतें, विटांची भिंत त्याहून अधिक घेते, लोखंडी सळयांचें कॉंक्रीट फारच घेतें. आणि पत्र्याचें कपाट किंवा आरशामागील धातूचा लेप तर त्यांना आल्या वाटेनें परत लावून देतो. पाणीही त्यांना शोषून घेतें. म्हणून माशांची कांचेची पेटी किंवा पाण्याची टांकी हाही अडथळाच समजावा. पुन्हां, भिंत तिरपी ओलांडावी लागली, तर दीड फुटांची भिंत लहरीला दोन-अडीच फुटांची होते.

आतां ही जकात मोजावयाची कशी? पडद्याच्या कोपऱ्यांतील पंख्यासारख्या चिन्हावर फारसें विसंबूं नये. तें ढोबळ असतें. ॲपलच्या लॅपटॉपवर ऑप्शन ही कळ दाबून धरून त्या चिन्हावर टिचकी मारली, म्हणजे संदेशाची शक्ति आंकड्यांत दिसते. विंडोजच्या यंत्रावर कमांड प्रॉम्प्ट उघडून "नेटश डब्ल्यूलॅन शो इंटरफेसेस" ही आज्ञा रोमन लिपींत लिहिली, म्हणजे सिग्नल या शब्दापुढें टक्केवारी येते. पहिल्या प्रकारचा आंकडा उणे असतो. उणे ५० म्हणजे उत्तम; उणे ६७ पर्यंत समोरासमोरचें संभाषण सुखानें चालतें; उणे ८० च्या आसपास शब्द गळूं लागतात. हा आंकडा दहानें घसरला, कीं शक्ति दशांश उरते, हें विसरूं नये. उणे ५० आणि उणे ८० यांत दिसावयास तीसचें अंतर. पण वस्तुतः पोहोंचणारी शक्ति एकसहस्रांश झालेली असते.

मीं बहिणीकडे गेलों तेव्हां पहिलें काम केलें तें हेंच. भाचीला लॅपटॉप घेऊन राउटरपासून दोन मीटरांवर बसविलें. आंकडा आला उणे ४२. मग ती आंतल्या खोलींत गेली. आंकडा आला उणे ८१. एवढ्यानें लॅपटॉप निर्दोष ठरला, आणि मेव्हण्यांचे कित्येक हजार रुपये वांचले. ही परीक्षा ज्यानें त्यानें प्रथम करावी. राउटरजवळ संदेश सबळ व दूर गेल्यावर दुर्बळ, तर दोष वाटेंत. जवळ बसूनही दुर्बळ, तर दोष यंत्रांत. जवळ बसून आंकडा उत्तम, पण काम मात्र संथ, तर लॅपटॉप तारेनें राउटरला जोडून पाहावा. तारेवरही संथच असेल, तर दोष घरापर्यंत येणाऱ्या जोडणीचा, आणि तक्रार तेथें करावी.

दोष वाटेंत ठरल्यावर आम्हीं ती वाट डोळ्यांनीं चालून पाहिली. जोडणी देणाऱ्या माणसानें राउटर दाराजवळच्या कोनाड्यांत बसविला होता, कारण तार तेथेंच घरांत शिरत होती. पुढें कोणीतरी त्याच्यासमोर आरशाचें लोखंडी कपाट आणून उभें केलें. कपाटापलीकडे दोन जाड भिंती, आणि त्याही तिरप्या. आम्हीं दहा मीटर तार आणून राउटर मधल्या दालनांत, पुरुषभर उंचीवर, उघड्या फळीवर ठेवला. आंतल्या खोलींतील आंकडा उणे ६३ झाला. अठरा अंकांची ही सुधारणा म्हणजे पहिल्याच्या साठ पटींहून अधिक शक्ति, आणि तीही केवळ तारेच्या किंमतींत! राउटरला बाहेरचे दांडे असतील, तर ते उभे ठेवावे, कारण दांड्याच्या टोंकाच्या दिशेनें लहरी फारच थोड्या जातात. त्या आजूबाजूला पसरतात. वरच्या मजल्यावर संदेश हवा असेल, तर एक दांडा आडवा करून पाहावा.

दोन पट्ट्यांपैकीं निवड कोणत्याची करावी? भिंती मध्यें असतील, तर साडेबारा सेंटिमीटरांची लहर दूरवर टिकते; एकाच खोलींत बसावयाचें असेल, तर दुसरी अधिक वेगवान. पण पहिल्या पट्ट्यांत गर्दी फार. शेजाऱ्यांचे राउटर, ब्लूटूथचीं साधनें, एवढेंच नव्हे तर स्वयंपाकघरांतील मायक्रोवेव्ह भट्टीही त्याच पट्ट्यांत गुणगुणत असते. या पट्ट्याचे उपमार्ग एकमेकांवर चढलेले आहेत. त्यांपैकीं १, ६ व ११ हे तीनच एकमेकांपासून अलिप्त राहतात. शेजार दाट असेल, तर राउटरला यांपैकीं जो मोकळा असेल तो नेमून द्यावा. आणखी एक छुपा शत्रु लॅपटॉपलाच चिकटलेला असतो. यूएसबी ३ या जातीच्या जोडणीवर चालणाऱ्या बाहेरच्या हार्ड डिस्कमुळें याच पट्ट्यांत गोंगाट माजतो, हें इंटेल कंपनीच्या अभियंत्यांनीं २०१२ सालीं दाखवून दिलें. ती डिस्क हातभर दूर ठेवली, कीं पुष्कळदां काम भागतें.

आतां दोष खरोखरच यंत्रांत असेल तर? प्रथम सोपें तें करावें. वीज वांचविण्यासाठीं लॅपटॉप आपल्या बिनतारी भागाला मधूनमधून झोंप घेऊं देतो. ती सवलत काढून टाकावी. त्या भागाची चालक-प्रणाली, ज्याला ड्रायव्हर म्हणतात, ती निर्मात्याकडून नवी करून घ्यावी. लॅपटॉप नुकताच दुरुस्तीहून आला असून तेव्हांपासून आंकडा घसरला असेल, तर झांकणांतील आकाशतारेपासून आंतल्या पत्रिकेपर्यंत येणाऱ्या केसासारख्या बारीक तारा निखळल्या असण्याचा संभव फार. जाणत्या कारागिराला त्या तेवढ्या पाहावयास सांगाव्या. तेंही न साधलें, तर यूएसबीला लावावयाचें लहानसें वायफाय साधन मिळतें. तें वीतभर तारेवर घेऊन मोकळ्यावर ठेवलें, तर जुना लॅपटॉपही नवी उमेद धरतो.

राउटर हलवूनही एखादी खोली कोरडीच राहते, तेव्हां लोक रिपीटर आणतात, आणि तो त्या कोरड्या खोलींतच ठेवतात. ज्याला स्वतःलाच ऐकूं येत नाहीं, तो दुसऱ्याला काय सांगणार? तो राउटर व ती खोली यांच्या मध्यावर, जेथें आंकडा अजून चांगला आहे तेथें, ठेवावा. शक्य असेल, तर त्या खोलीपर्यंत तारच न्यावी व तिच्या टोंकाला दुसरें वायफाय-केंद्र बसवावें, हा सर्वांत भरंवशाचा उपाय. शिवाय हें संभाषण दुहेरी आहे. राउटरचा आवाज मोठा केला, तरी लॅपटॉपचा क्षीण आवाज परत पोहोंचेलच असें नाहीं. म्हणून बळ वाढविण्यापेक्षां अडथळा काढणें केव्हांही हिताचें.

श्रोतेहो, हे सर्व उपाय एका वेळीं एकच करावे आणि प्रत्येकानंतर आंकडा टिपून ठेवावा; नाहींतर गुण कशानें आला, हें कधींच कळत नाहीं. माझ्या भाचीची गेलेली वृत्ति परत आली नाहीं. पण तें आंकड्यांचें टिपण बहिणीनें पाहिलें, आणि "म्हणजे तूं गांगरली नव्हतीस तर," एवढेंच ती मुलीला म्हणाली. मुलीच्या डोळ्यांत पाणी उभें राहिलें. आज शाळा, नोकरी, परदेशीं असलेल्या मुलांशीं बोलणें, हें सारें या लहरींवरून चालतें. पलीकडच्या माणसाचे शब्द तुटूं लागले, तर त्याला अडखळणारा समजण्यापूर्वीं "आपला आवाज पोहोंचत नाहीं, थोडे थांबूं" असें म्हणण्याचें सौजन्य आपण दाखवूं या. आणि आपल्या घरांत राउटरच्या वाटेंत कोणतें कपाट उभें आहे, तें आजच एकदां उठून पाहूं या.