मागची जोडी

स्पोर्ट्‌स कार जुनी झाली की स्वस्त होते, तिचे टायर मात्र होत नाहीत. पोर्शेची पहिली बॉक्स्टर घ्या. १९९६ ते २००४ या काळात ही गाडी बनली. शौकीन तिला ९८६ म्हणतात. जर्मनीत किंवा इंग्लंडात ती आज एखाद्या साध्या नव्या हॅचबॅकपेक्षा कमी पैशांत मिळून जाते, आणि तिकडे नोकरीला गेलेल्या आपल्या मुलांनाही तिचा मोह पडतो. गाडी दारात येते, आणि पहिल्याच तपासणीत मेकॅनिक सांगतो: मागचे टायर बदलायला हवेत.

मागचेच का? या गाडीचं इंजिन सीटच्या मागे आहे. निम्म्याहून थोडं अधिक वजन मागच्या चाकांवर असतं आणि गाडी ढकलण्याचं कामही त्यांचंच. साहजिकच मागची जोडी पुढच्या जोडीच्या आधी संपते. त्यातही एक फसवी गोष्ट आहे. मागची चाकं वरच्या बाजूला किंचित आत कललेली असतात. याला कॅम्बर म्हणतात. वळणावर त्याचा फायदा होतो, पण सरळ हायवेवर टायरची आतली कड जास्त घासते. बाहेरून उभ्याने बघितलं तर नक्षी ठणठणीत दिसते आणि गाडी लिफ्टवर चढवल्यावर आतल्या कडेला तारा डोकावत असतात. जुनी गाडी बघायला जाणाऱ्याने खाली वाकून, टायरच्या मागे हात घालून बघावं, ते यासाठीच. तारा दिसल्या तर नुसते टायर बदलून भागणार नाही. आधी अलाइनमेंट तपासायला हवं, नाहीतर नवी जोडीही त्याच वाटेने जाईल.

आता थोडं गणित. बॉक्स्टरचं वजन साधारण साडेबाराशे किलो. मागच्या एका चाकावर सव्वातीनशे किलोच्या आसपास भार येतो. मागच्या टायरमध्ये हवा ३६ पीएसआय. या दोन आकड्यांचा भागाकार केला की एका टायरचा जमिनीला टेकलेला भाग निघतो साधारण १३० चौरस सेंटिमीटर, म्हणजे जेमतेम तळहाताएवढा. टायर रुंद घेतला म्हणून हे क्षेत्रफळ फारसं वाढत नाही, कारण ते भार आणि हवेचा दाब यांवर ठरतं; बदलतो तो त्याचा आकार. रुंद टायरचा टेकलेला भाग आडवा पसरतो, वळणावर त्याचा उपयोग होतो. पण साचलेल्या पाण्यावर हाच आडवा पसारा नडतो. पाणी बाजूला सारायला रुंद टायरला जास्त कष्ट पडतात आणि तो अरुंद टायरच्या आधी पाण्यावर तरंगायला लागतो. कायद्याने १.६ मिलिमीटर नक्षी चालते. रुंद मागच्या टायरवर आणि भर पावसात तेवढ्या नक्षीवर मी तरी विसंबणार नाही.

पुढचे टायर सरकले तर गाडी वळणाबाहेर सरळ जाऊ पाहते. माणूस दचकतो, ॲक्सिलरेटरवरून पाय काढतो, गाडी सावरते. मागचे सरकले की गोष्ट उलटी. शेपूट बाहेर येतं, माणूस तसाच दचकून पाय काढतो, गाडीचं वजन पुढे झुकतं, मागचे टायर आणखी हलके होतात आणि शेपूट आणखी वेगाने फिरतं. बॉक्स्टरसारख्या गाडीत सगळं जड सामान मध्यावर एकवटलेलं असल्याने ती वळते चपळ आणि गिरकीही तितक्याच चपळाईने घेते. म्हणून पैसे वाचवायला मागे कुठलाही कडक, स्वस्त टायर टाकायचा आणि पुढे मूळचे चांगले टायर ठेवायचे, ही सगळ्यांत वाईट जोडणी. मागची दोन्ही चाकं एकाच कंपनीची, एकाच मॉडेलची आणि सारख्या झिजेची हवीतच. पुढचे टायर वेगळ्या मॉडेलचे किंवा म्हातारे असतील, तर चारही बदलणं उत्तम.

मापाच्या बाबतीत इथे हौस करू नये. सतरा इंची चाकांवर या गाडीला पुढे २०५/५० आणि मागे २५५/४० हे माप येतं. पहिला आकडा मिलिमीटरमधली रुंदी, दुसरा त्या रुंदीच्या किती टक्के उंची टायरच्या भिंतीला आहे तो. हिशेब केला तर पुढच्या चाकाचा व्यास निघतो सुमारे ६३७ मिलिमीटर आणि मागच्याचा ६३६. दिसायला इतके वेगळे टायर, पण उंची जवळजवळ एकच. ही इंजिनिअरांनी विचारपूर्वक राखलेली गोष्ट आहे. २५५/४० आता सहज मिळत नाही म्हणून कुणी २५५/४५ सुचवलं, तर मागचं चाक चार टक्क्यांनी उंच होतं आणि गाडी नाकावर झुकते. मापानंतरचं ‘९४ वाय’ही वाचावं: एका टायरला ६७० किलोपर्यंत भार आणि ताशी ३०० किलोमीटरपर्यंत वेग झेपतो, असा त्याचा अर्थ.

मग येतो ‘एन’चा प्रश्न. पोर्शेने आपल्या गाडीवर तपासून मान्य केलेल्या टायरच्या भिंतीवर एन०, एन१, एन२ अशी खूण असते. टायरची सुधारित आवृत्ती मान्य झाली की आकडा वाढतो. खूण अर्थपूर्ण आहे, नुसती मिरवायची नाही. त्याच नावाचा, पण खूण नसलेला टायर आतून वेगळा असू शकतो. अडचण अशी की जुन्या मापांचे असे टायर थोडेच बनतात आणि कधीकधी गोदामात पडून राहतात. रबर न वापरताही म्हातारं होतं. हवेतल्या ऑक्सिजनने ते कडक होत जातं आणि नक्षी कोरी असली तरी पकड जाते. टायरच्या भिंतीवर डीओटी या अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालातला तेविसावा आठवडा. तीनच आकडे असतील तर टायर २००० सालाच्या आधीचा आहे. तो संग्रहालयात शोभेल. मिशलिनसारखी कंपनी दहा वर्षांनंतर, टायर कितीही चांगला दिसो, बदलायलाच सांगते. स्पोर्ट्‌स कारसाठी मी सहाच धरेन.

हे सांगताना कॅरेरा जीटीची आठवण टाळता येत नाही. नोव्हेंबर २०१३ मध्ये कॅलिफोर्नियात या पोर्शेच्या अपघातात नट पॉल वॉकर आणि गाडी चालवणारा त्याचा मित्र गेले. तपासात मुख्य कारण वेगच निघालं: ४५ मैलांच्या हद्दीत ताशी ८० ते ९३ मैल. पण गाडी २००५ची होती आणि तिचे टायर नऊ वर्षांचे, हेही तपास करणाऱ्यांनी मुद्दाम नोंदवलं. जुन्या स्पोर्ट्‌स कार कमी चालतात, त्यामुळे त्यांची नक्षी संपायच्या आधी वय संपतं. म्हणून माझा कौल साफ आहे: खुणेचा चार वर्षं पडून राहिलेला टायर आणि चांगल्या कंपनीचा बिनखुणेचा ताजा टायर यांत ताजा घ्यावा, पण चारही चाकांना तोच.

सगळ्यांत चिकट टायर म्हणजे सगळ्यांत चांगला, असंही नाही. टोयोटाने २०१२ मध्ये जीटी ८६ ही स्पोर्ट्‌स कार आणली, तेव्हा तिला २१५/४५ मापाचे मिशलिन प्रायमसी टायर दिले, जे इंधन वाचवणाऱ्या प्रियसलाही मिळत. पकड जरा कमी असली की साध्या वेगातही गाडी हाताला बोलते, हा हिशेब होता. शिवाय जुन्या गाडीचं सस्पेन्शन तिच्या काळच्या टायरांना धरून जुळवलेलं असतं. पिरेली तर ‘कोलेत्सिओने’ नावाने जुन्या गाड्यांसाठी जुन्याच घडणीचे टायर आधुनिक रबरात बनवते.

मुंबई-पुण्यात अशी गाडी बाळगणाऱ्यांचं दुखणं वेगळं. जून २०२० मध्ये केंद्र सरकारने नव्या टायरांची आयात ‘प्रतिबंधित’ यादीत टाकली. आता परवाना लागतो आणि टायरवर आयएसआय मार्कही. अशा वेळी कुणी ‘इम्पोर्टेड पीस आहे, कोरा आहे’ म्हणून टायर पुढे केला, की चार आकडे आधी वाचावेत.

आणि दारात स्विफ्ट किंवा वॅगनआर असणाऱ्यांसाठी एक गोष्ट. दोनच नवे टायर घेतले तर दुकानदार ते बहुधा पुढे बसवतो, कारण पुढचे लवकर झिजतात. टायर कंपन्यांचा सल्ला उलटा आहे: गाडी पुढच्या चाकांनी ओढली जात असली तरी नवी जोडी मागे. ओल्या रस्त्यावर शेपूट सुटणं सामान्य चालकाला सावरत नाही. दुकानदार कुरकुरेल, जुने मागचे पुढे घ्यायचं काम वाढतं. तरी नवे टायर मागेच बसवून घ्या.