कॅमेरा नवा, कसोटी जुनी

माल, माणूस आणि कागद या तीन गोष्टी पारखल्याखेरीज आपल्या पेढीवर सौदा होत नाही. कापडाचा पोत बोटांनी चाचपावा, समोरच्या व्यापाऱ्याची पत बाजारात दोन ठिकाणी विचारून घ्यावी आणि पक्क्या बिलावाचून रक्कम मोजू नये, हे शिक्षण गादीवर बसणाऱ्या मुलाला घरातच मिळते. परंतु तेच घर जेव्हा मोबाइलच्या पडद्यावरून ऐंशी हजारांचा कॅमेरा मागवते, तेव्हा हे सारे शिक्षण क्षणभर बाजूला पडते. चकचकीत चित्र, पाच तारे आणि ‘आज शेवटचा दिवस’ अशी पाटी एवढ्यावर विश्वास ठेवून पैसे दिले जातात.

ऑनलाइन व्यवहारात माल हाताला लागत नाही आणि माणूस डोळ्यांना दिसत नाही. तपासण्याजोगा उरतो तो कागद. म्हणून दुकानात जो कागद आपण एकदा वाचतो, तो येथे तीनदा वाचावा लागतो. जुना कॅमेरा बदलून नवा घेण्याचा विचार ज्यांच्या घरी सुरू आहे, त्यांच्यासाठी हे विवेचन आहे.

आधी उणीव ओळखावी

नवा कॅमेरा कोणता घ्यावा, या प्रश्नाआधी जुन्यात नेमके काय कमी पडते, हा प्रश्न विचारला पाहिजे. अलीकडे काढलेली पन्नास छायाचित्रे समोर घ्यावीत आणि प्रत्येकातील उणीव वहीत एका शब्दात लिहावी. यादी पूर्ण होताच बहुतेक वेळा खर्चाचा आकडा खाली येतो. छायाचित्रे हलल्यासारखी दिसत असतील, तर ट्रायपॉड हवा आहे. रंग चुकत असतील, तर चांगले दिवे हवेत आणि कॅमेऱ्यातील ‘व्हाइट बॅलन्स’ राखाडी कार्ड समोर धरून नीट बसवला पाहिजे. दागिन्यांवरील बारीक नक्षी उमटत नसेल, तर मॅक्रो लेन्स हवी आहे. यांपैकी एकाही दोषावर कॅमेऱ्याची महागडी बॉडी हा उपाय नाही.

मेगापिक्सेलच्या आकड्यानेही भुलून जाऊ नये. ए-४ आकाराच्या पानावर दर इंचाला ३०० ठिपके या उत्तम दर्जाने छपाई करायची, तर २४८० गुणिले ३५०८ म्हणजे सुमारे ८.७ मेगापिक्सेल पुरतात. पेढीचा सूचिपत्रक किंवा घरचा अल्बम यांसाठी दहा वर्षांपूर्वीचा बरा कॅमेराही या मापाला उतरतो.

उणीव अंधुक प्रकाशातील असेल, तर मात्र विचार वेगळा होतो. वेरूळच्या ३२ क्रमांकाच्या लेण्याचे, म्हणजे इंद्रसभेचे, उदाहरण घ्या. आतल्या भागात उजेड थोडा असतो आणि ट्रायपॉड लावण्यास पूर्वपरवानगी लागते. अशा ठिकाणी कॅमेऱ्याला प्रकाश देण्याचे दोन मार्ग आहेत. एक म्हणजे मोठा सेन्सर. फुल-फ्रेम सेन्सरचे माप ३६ गुणिले २४ मिलिमीटर असते, तर एपीएस-सी या लहान सेन्सरचे सुमारे २३.५ गुणिले १५.६. म्हणजे क्षेत्रफळ सव्वादोन पटींहून थोडे अधिक. दुसरा मार्ग मोठ्या छिद्राची लेन्स. कॅमेऱ्यासोबत मिळणारी साधी झूम लेन्स पूर्ण लांबवली की बहुधा एफ ५.६ वर येते. तिच्या तुलनेत एफ १.८ ची लेन्स नऊ पटींहून अधिक प्रकाश आत घेते. त्या बदल्यात चित्रातील स्पष्टतेची खोली कमी होते, हे खरे. तरी जी लेन्स बॉडीच्या किमतीच्या काही हिश्शात मिळते, ती बॉडी बदलण्यापेक्षा जास्त काम करते, हा हिशेब व्यापारी मनाला पटण्यासारखा आहे.

घरातल्या जुन्या लेन्सचे काय?

लेन्स बॉडीला जेथे बसते त्या कड्याला माउंट म्हणतात. निकॉनचा एफ माउंट १९५९ पासूनचा आणि कॅननचा ईएफ माउंट १९८७ पासूनचा. या दोन्ही कंपन्यांनी २०१८ मध्ये मिररलेस कॅमेऱ्यांसाठी अनुक्रमे झेड आणि आरएफ हे नवे माउंट आणले. जुन्या लेन्स नव्या बॉडीवर अ‍ॅडॉप्टर लावून चालतात, परंतु सर्वच सारख्या चालत नाहीत. ज्या जुन्या निकॉन लेन्सना स्वतःची मोटर नाही, त्या निकॉनच्या एफटीझेड अ‍ॅडॉप्टरवर बसतात, पण त्यांचा फोकस हाताने फिरवावा लागतो. नव्या माउंटच्या लेन्स जुन्या डीएसएलआरवर लागत नाहीत. म्हणून घरात चार लेन्स असतील, तर त्यांची नावे लिहून प्रत्येकीची खातरजमा आधी करावी. नाहीतर बॉडीची खरेदी पुढे सगळ्या लेन्सच्या खरेदीपर्यंत जाते.

विकणारा कोण, हे आधी वाचावे

‘अमुक संकेतस्थळावरून घेतला’ असे आपण सहज म्हणतो. व्यवहार मात्र बहुधा तसा नसतो. परदेशी गुंतवणूक असलेल्या ऑनलाइन बाजारपेठेला स्वतःचा साठा ठेवून किरकोळ ग्राहकाला विकता येत नाही, असे आपल्या देशाचे धोरण आहे. ती बाजारपेठ ओटा देते. त्या ओट्यावर बसलेला विक्रेता निराळा असतो आणि बिलही त्याच्याच नावाचे येते. माल बाजारपेठेच्या गोदामातून आला, म्हणून तो तिने विकला असे होत नाही. किमतीजवळ लहान अक्षरांत लिहिलेले विक्रेत्याचे नाव हे व्यवहारातील पहिले वाचनीय अक्षर होय.

ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० नुसार बाजारपेठेने विक्रेत्याच्या व्यवसायाचे नाव, पत्ता आणि ग्राहकसेवेचा क्रमांक दाखवला पाहिजे. नाव कळले की दोन गोष्टी पाहाव्यात. कॅमेरा कंपनीच्या भारतीय संकेतस्थळावरील अधिकृत विक्रेत्यांच्या यादीत ते नाव आहे काय? आणि त्याचा जीएसटी क्रमांक खरा आहे काय? पंधरा अक्षरांच्या या क्रमांकातील पहिले दोन अंक राज्याचे असतात, महाराष्ट्राचे २७, आणि पुढील दहा अक्षरे पॅनची. जीएसटीच्या सरकारी पोर्टलवर हा क्रमांक टाकला की नोंदणी कोणाच्या नावे आहे आणि ती चालू आहे की रद्द झाली, हे कोणालाही विनामूल्य पाहता येते. मालाचा नवा घाऊक व्यापारी आला की आपला मुनीम हेच करतो.

मुंबईच्या बोरा बाजारासारख्या ठिकाणचे जुने कॅमेरा व्यापारीही आता ऑनलाइन माल पाठवतात. ज्याचे दुकान प्रत्यक्ष पाहून येता येते आणि ज्याच्याकडे वस्तू घेऊन परत जाता येते, अशा विक्रेत्याला दोन पैसे अधिक द्यावे लागले तरी ते वाया जात नाहीत.

भाव फारच कमी असेल, तर तो कोठून कमी झाला, याचा विचार करावा. सर्व अधिकृत विक्रेते एका भावाच्या आसपास असताना एकटाच कोणी पाऊण भावाने देत असेल, तर त्याने कर चुकवला असेल, माल वापरलेला असेल किंवा माल अस्तित्वातच नसेल. आपल्या धंद्यात असा भाव सांगणाऱ्याला आपण काय म्हणतो, ते वाचकांना सांगायला नको.

खोक्यावरचा मजकूर

आयात होऊन परस्पर बाजारात आलेल्या मालाला ‘ग्रे मार्केट’चा माल म्हणतात. कॅमेरा खरा असतो, पण भारतातील कंपनीची वॉरंटी त्याला बहुधा मिळत नाही. तो ओळखण्याची खूण खोक्यावरच असते. वैधमापन कायद्याच्या २०११ च्या नियमांनुसार आयात केलेल्या वेष्टित वस्तूवर आयातदाराचे नाव व पत्ता, मूळ देश, सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत आणि ग्राहकसेवेचा तपशील छापलेला असावा लागतो. हे लेबल नसेल किंवा फाडलेले असेल, तर वस्तू सरळ मार्गाने आलेली नाही असे समजावे. ‘विक्रेत्याची वॉरंटी’ आणि ‘कंपनीची वॉरंटी’ हे शब्दही सारखे नव्हेत. पहिली त्या दुकानापुरती, दुसरी कंपनीच्या सेवाकेंद्रांत चालणारी.

बिल कोणाच्या नावे घ्यावे?

व्यापारी कुटुंबाने सर्वांत अधिक विचार येथे करावा. डिजिटल कॅमेऱ्यावर १ जानेवारी २०१९ पासून १८ टक्के जीएसटी आहे. ८०,००० रुपयांच्या एकूण किमतीत मूळ मूल्य सुमारे ६७,७९७ रुपये आणि कर १२,२०३ रुपये होतो. बिलावर पेढीचा जीएसटी क्रमांक घातला, विक्रेत्याने ते बिल विवरणात दाखवले आणि कॅमेरा धंद्यासाठीच वापरला, तर या कराचे इनपुट टॅक्स क्रेडिट मिळू शकते. कंपोझिशन योजनेतील पेढीला ते मिळत नाही. क्रेडिट घेतल्यास कराच्या तेवढ्या रकमेवर घसारा मागता येत नाही. घरगुती वापराच्या वस्तूवर क्रेडिट घेणे कायद्याला मान्य नाही.

पण या लाभाची दुसरी बाजू आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ व्यापारी हेतूने वस्तू घेणाऱ्याला सर्वसाधारणपणे ‘ग्राहक’ मानत नाही. केवळ स्वयंरोजगारातून उपजीविका करण्यासाठी वस्तू घेऊन ती स्वतः वापरणाऱ्याला त्यात अपवाद आहे. वाद झाला तर खरेदीचा प्रधान हेतू काय होता, हे पाहिले जाते. म्हणजे पेढीच्या नावे घेतलेला कॅमेरा सदोष निघाला, तर वॉरंटीचा हक्क राहतो, पण ग्राहक आयोगाचे दार बंद होण्याचा संभव असतो. घरच्या माणसाने घरासाठी स्वतःच्या नावे घेतला, तर कराची वजावट जाते आणि ग्राहकाचे हक्क शाबूत राहतात. तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यातच दाखल करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क लागत नाही.

बारा हजार वाचवावेत की ते संरक्षण राखावे, याचे उत्तर वापर कोणाचा यावर आहे. कॅमेरा दिवसभर पेढीवर साड्यांची चित्रे काढणार असेल, तर बिल पेढीचे. तो यात्रेला, लग्नाला आणि नातवंडांच्या वाढदिवसाला जाणार असेल, तर बिल घराचे. एक सांगून दुसरे लिहिणे हिशेबाच्या वहीत चालत नाही. शंका असल्यास आपल्या चार्टर्ड अकाउंटंटना आधी विचारावे, खरेदीनंतर नव्हे.

वापरलेला कॅमेरा

वापरलेला कॅमेरा घेणे मुळीच कमीपणाचे नाही. फक्त तो न पाहता घेऊ नये. मोटारीचे किलोमीटर पाहावेत तसे शटर किती वेळा उघडले, ते पाहावे. निकॉन डी-८५० च्या शटरची चाचणी दोन लाख वेळांसाठी झालेली असते, कॅननच्या फाइव्ह-डी मार्क फोरची दीड लाखासाठी. लेन्समधून उजेडाकडे पाहिल्यास बुरशीचे जाळे दिसते. कोकण आणि मुंबईच्या दमट हवेत हा दोष नेहमीचा आहे. बॉडी, खोका आणि मूळ बिल या तिन्हींवरील अनुक्रमांक एकच असावा. विक्रेता अनोळखी असून पूर्ण रक्कम आगाऊ मागत असेल, तर सौदा तेथेच थांबवावा. आणि पैसे मिळण्यासाठी यूपीआय पिन कधीच टाकावा लागत नाही, हे घरातील प्रत्येकाला सांगून ठेवावे.

पार्सल आल्यावर

पार्सल उघडण्यापूर्वी पत्त्याचे लेबल दिसेल असे चित्रीकरण सुरू करावे आणि ते न थांबवता खोका उघडावा. अनुक्रमांक बिलाशी जुळवावा व वॉरंटीची नोंदणी त्याच दिवशी करावी. पांढऱ्या भिंतीचे एफ १६ वर चित्र काढले की सेन्सरवरील धूळ दिसते. लेन्सचे झाकण लावून काही सेकंदांचे चित्र घेतले की सदोष ठिपके चमकतात. मेमरी कार्ड काठोकाठ भरून सर्व चित्रे पुन्हा उघडून पाहावीत, कारण बनावट कार्डावर लिहिलेली क्षमता खरी नसते. परतीची मुदत थोड्या दिवसांची असते. लग्नासाठी म्हणून कॅमेरा कपाटात ठेवून दिला, तर ती मुदत कपाटातच संपते.

दोष आढळल्यास लेखी कळवावे. सदोष, बनावट किंवा जाहिरातीप्रमाणे नसलेली वस्तू परत घेण्यास विक्रेत्याला नकार देता येत नाही. तक्रार निवारण अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निवारण द्यावे, असा नियम आहे. पुढे १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. पैशांची फसवणूक झाली असेल, तर क्षणाचाही विलंब न करता १९३० वर कळवावे.

आपल्यापैकी अनेक पेढ्या आता स्वतःही पडद्यावरून माल विकतात. चित्रात मोरपंखी दिसलेली साडी घरी पोहोचल्यावर निळी निघाली, की ती परत येते आणि तिच्याबरोबर गिऱ्हाइकाचा विश्वासही जातो. ज्या विक्रेत्याकडून आपण खरा रंग, खरे नाव आणि पक्के बिल मागतो, तेच दूरच्या गावातील कोणी अनोळखी बहीण आपल्याकडे मागत असते. नव्या कॅमेऱ्याने पहिले चित्र काढताना साडीचा रंग जसा आहे तसाच उमटला ना, एवढे पाहावे.