आकाशातून परतणारी पेटी

आकाशात काही सोडणे तितकेसे अवघड नाही; सोडलेले पुन्हा हाती येणे हेच खरे कसब. रबरी फुग्याला यंत्रांची पेटी बांधून ती तीस किलोमीटर उंच पाठविण्याचा छंद जगभरच्या हौशी रेडिओवाल्यांत आणि विद्यार्थ्यांत रुजला आहे. आपल्या देशातही ७ फेब्रुवारी २०२१ रोजी सुमारे एक हजार विद्यार्थ्यांनी तयार केलेले शंभर चिमुकले उपग्रह रामेश्वरमहून फुग्यांच्या साह्याने आकाशात गेले. त्यांत महाराष्ट्रातील मुलेही होती. उपक्रम स्तुत्यच होता. परंतु एका दिवसाच्या सोहळ्याने विज्ञानाची गोडी टिकत नाही. मुलांनी पेटी स्वतः बांधावी आणि स्वतःच शोधून आणावी, हे पुढचे पाऊल होय.

या पेटीला खडतर प्रवास करावा लागतो. वाटेत उणे सत्तर अंशांखालची थंडी असते. शेवटी हवेचा दाब जमिनीवरच्या शंभराव्या हिश्शाइतका उरतो आणि ताणलेला फुगा फुटतो. थंडीत साधे सेल निकामी होतात, म्हणून लिथियमचे सेल थर्मोकोलच्या पेटीत ठेवावे लागतात. स्थान सांगणारी काही यंत्रे अठरा किलोमीटरच्या वर मुकी होतात. ती पारखून घ्यावी लागतात. पेटी तीस किलोमीटरवर असताना तिचा रेडिओ-संदेश सहाशे किलोमीटरपर्यंत पोचू शकतो. पण पॅराशूटने ती एखाद्या नाल्यात उतरली की तोच संदेश दोन-चार किलोमीटरवरही ऐकू येईनासा होतो. म्हणून उतरतानाची अखेरची नोंद टिपणारा माणूस मोलाचा.

आमच्या किनाऱ्यावरून हा प्रयोग करणे जोखमीचे. पावसाळ्यात उंचावरचे वारे पूर्वेकडून वाहतात आणि पेटी थेट अरबी समुद्रात जाऊ शकते. अशा वेळी आम्हांस सौंसरची आठवण होते. नागपूर-छिंदवाडा मार्गावरचा हा मराठीभाषक मुलूख १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत मध्य प्रदेशात राहिला आणि २०२३ पासून पांढुर्णा जिल्ह्यात मोडतो. समुद्र शेकडो किलोमीटर दूर आणि नागपूर हाकेच्या अंतरावर. मात्र हिवाळ्यात वरचे वारे पश्चिमेकडून वाहतात आणि पूर्वेला पेंचचे जंगल आहे; तेव्हा वाऱ्याचा अंदाज पाहूनच दिवस ठरवावा लागेल.

रेडिओसाठी परीक्षा देऊन मिळणारा परवाना हवा, उड्डाणासाठी विमान वाहतूक नियंत्रणाची अनुमती हवी. नियमांना वळसा घालून विज्ञान शिकविता येत नाही. शिवाय पेटीवर मराठीत आणि हिंदीत ठळक लिहिलेले असावे की, ही शाळेची पेटी आहे, धोका नाही, सापडल्यास कळवावे. टाटा मूलभूत संशोधन संस्थाही हैदराबादहून मोठे फुगे सोडताना ग्रामस्थांना अशी पूर्वसूचना देते. शेतात पडलेल्या अनोळखी वस्तूला शेतकरी भ्यायला, तर दोष त्याचा नव्हे, न सांगणाऱ्याचा.

सीमाभागातील मराठी माणसाची आठवण आम्हांला बहुधा भाषेच्या तंट्यापुरतीच होते. नागपूरच्या परवानाधारक हौशी रेडिओवाल्यांनी सौंसरच्या एखाद्या शाळेला हात द्यावा आणि किनाऱ्यावरच्या शाळांनी आपली पेटी तेथे घेऊन जावी. अशा सहकार्याने जुळलेले नाते सभांतील ठरावांहून अधिक टिकेल, असे आम्हांस वाटते.