सारनाथदर्शन

काशीस जाणारा प्रवासी गंगास्नान व विश्वेश्वराचें दर्शन आटोपून बहुधा परत फिरतो. परंतु तेथून अवघ्या सहा मैलांवर सारनाथ आहे. बोधगयेस ज्ञानप्राप्ति झाल्यावर भगवान् बुद्धांनीं आपल्या पांच जुन्या सोबत्यांस पहिला उपदेश केला, तो येथेंच. ह्यासच धर्मचक्रप्रवर्तन म्हणतात. नाताळच्या सुटींत आम्ही विद्यार्थी गुरुजनांसमवेत तेथें गेलों होतों. तेथें जें पाहिलें तें वाचकांस सादर करितों.

वाटेंत प्रथम चौखंडी स्तूप लागतो. विटांच्या ह्या टेकाडावरील अष्टकोनी बुरूज मात्र मोगली आहे. हुमायून बादशहा येथें येऊन गेल्याच्या स्मरणार्थ तो इ. स. १५८८ मध्यें बांधण्यांत आला. पुढें भव्य धमेक स्तूप दृष्टीस पडतो. त्याचा व्यास सुमारें ९३ फूट असून उंची शंभर फुटांहून अधिक आहे. खालच्या दगडी भागावरील वेलबुट्टी पाहतांना आमची नजर हालेना.

त्याच आवारांत धर्मराजिक स्तूप होता; आज त्याचा केवळ वाटोळा पाया उरला आहे. बाराव्या शतकाच्या अखेरीस येथील विहार उद्ध्वस्त झाले व लोकांस ह्या स्थळाचा विसर पडला. इ. स. १७९४ मध्यें काशीच्या बाबू जगतसिंगांचे मजूर बांधकामाकरितां येथून दगडविटा काढीत असतां त्यांस दगडी पेटींत ठेवलेला एक करंडा सांपडला. आंतील अस्थि कोणाच्या हें न उमगल्यामुळें त्या गंगेंत सोडण्यांत आल्या. पुढें येथील कित्येक मूर्ति वरुणा नदीच्या पुलापाशीं पाण्यांत टाकल्या गेल्या. अज्ञान किती हानि करितें, हें येथें डोळ्यांनीं दिसतें.

इ. स. १८३५ मध्यें कनिंगहॅम ह्यांनीं येथें पद्धतशीर उत्खनन आरंभिलें. १९०४-०५ मध्यें ओर्टेल ह्यांस अशोकस्तंभाचें सिंहशीर्ष सांपडलें. भग्न स्तंभ जागच्या जागीं असून सुमारें सात फूट उंचीचें शीर्ष जवळच्या संग्रहालयांत आहे. २६ जानेवारी १९५० पासून तेंच आपलें राष्ट्रचिन्ह झालें. ज्या मातींतून लोक विटा नेत होते, त्याच मातींत तें निजलें होतें! अनागारिक धर्मपाल ह्यांच्या प्रयत्नानें १९३१ मध्यें झालेल्या मूलगंधकुटी विहारांत जपानी चित्रकार कोसेत्सु नोसु ह्यांनीं रेखाटलेलें बुद्धचरित्रही आम्हीं पाहिलें.

निघण्याच्या वेळीं आमच्यापैकीं एकानें आठवण म्हणून विटेचा तुकडा खिशांत घातला. इतक्यांत मराठी बोल कानीं आले. १९५६ सालीं नागपुरास डॉ. आंबेडकरांनीं बौद्ध धर्माची दीक्षा घेतल्यापासून आपल्याकडील असंख्य लोक ह्या यात्रेस येतात. त्यांतील एक वृद्ध आजीबाई भग्न पायाच्या विटांवर मस्तक टेकवून स्तब्ध बसल्या होत्या. कोणी कांहीं बोललें नाहीं. आमच्या मित्रानें हळूच तो तुकडा होता तेथें ठेविला.

आमच्यामागून जे विद्यार्थी तेथें जातील, त्यांनीं पुष्कळ पाहावें, समजून घ्यावें व रिक्त हस्तांनीं परत यावें, एवढीच आमची विनंति आहे.