समतेची मोजदाद

कोणत्याही कॉलेजचा वार्षिक अहवाल उघडावा. त्यांत परीक्षांचे निकाल असतात, क्रीडास्पर्धांत मिळविलेल्या ढाली असतात, ग्रंथालयांत भर पडलेल्या पुस्तकांची संख्या असते आणि स्नेहसंमेलनाचा वृत्तान्त असतो. परंतु वर्गांतील बांकांवर कोण बसलें आहे आणि समोर फळ्यापाशीं कोण उभें आहे, या प्रश्नाचें उत्तर त्यांत क्वचितच सांपडतें. समाजाच्या कोणत्या थरांतून विद्यार्थी आले, त्यांपैकीं किती शेवटच्या वर्षापर्यंत टिकले, अध्यापकांच्या जागांवर कोणाची नेमणूक झाली, याची मोजदाद ठेवणें हें रुक्ष काम आहे, आणि तें बहुधा कार्यालयांतील एखाद्या लेखनिकाच्या हवालीं केलेलें असतें. तथापि समतेचीं वचनें खरीं ठरतात कीं खोटीं, याचा निकाल पुष्कळदां त्या लेखनिकाच्या नोंदवहींतच लागतो.

महाराष्ट्राला ही मोजदाद नवी नाहीं. शाहू छत्रपतींनीं १८९४ सालीं कोल्हापूर राज्याचीं सूत्रें हातीं घेतलीं, तेव्हां कारभारांतील ७१ अधिकाऱ्यांपैकीं ६० ब्राह्मण होते. कारकुनांच्या ५०० जागांपैकीं ब्राह्मणेतरांच्या वांट्यास अवघ्या १० आल्या होत्या. २६ जुलै १९०२ रोजीं त्यांचा जो प्रसिद्ध जाहीरनामा निघाला, त्यांत तीन गोष्टी होत्या. यापुढें रिकाम्या होणाऱ्या जागांपैकीं निम्म्या मागासलेल्या वर्गांतील उमेदवारांना द्याव्या, ही पहिली. ज्या कचेरींत या वर्गांचें प्रमाण निम्म्याहून कमी असेल, तेथील पुढची नेमणूक त्यांच्यांतूनच करावी, ही दुसरी. आणि प्रत्येक खातेप्रमुखानें झालेल्या नेमणुकांचा तक्ता दर तीन महिन्यांनीं सादर करावा, ही तिसरी. पहिल्या कलमाची कीर्ति सर्वत्र झाली. तिसरें कलम लोक विसरून गेले. वस्तुतः पहिल्याला बळ येतें तें तिसऱ्यामुळें. १९१२ सालीं अधिकाऱ्यांच्या ९५ जागांपैकीं ब्राह्मणांकडे ३५ होत्या. अठरा वर्षांत झालेला हा पालट आज आकड्यांत सांगतां येतो, याचें कारण त्या काळीं आकडे ठेवले गेले होते.

या जाहीरनाम्याच्या आदल्याच वर्षापासून कोल्हापुरांत विद्यार्थ्यांसाठीं वसतिगृहें निघूं लागलीं होतीं. ही जोडी अर्थपूर्ण आहे. शिकलेला उमेदवार नसेल तर राखलेली जागा ओसच राहते, आणि जागेची आशा नसेल तर गरिबाचा मुलगा शिकण्यासाठीं घरदार सोडून येत नाहीं. विद्यार्थ्यांची गणना आणि सेवकवर्गाची गणना हीं एकाच नाण्याचीं दोन अंगें आहेत.

आज सबंध देशासाठीं अशी गणना होते. २०१०-११ पासून केन्द्र सरकारनें उच्च शिक्षणाची अखिल भारतीय पाहणी सुरू केली. तींत प्रत्येक विद्यापीठ व महाविद्यालय आपली माहिती आपणच भरून पाठवितें. २०२१-२२ च्या पाहणींत सुमारें ४ कोटी ३३ लक्ष विद्यार्थी मोजले गेले व त्यांत २ कोटी ७ लक्ष मुली होत्या, म्हणजे जवळजवळ निम्म्या. अनुसूचित जातींचे विद्यार्थी शेंकडा १५ हून किंचित् अधिक आणि अनुसूचित जमातींचे शेंकडा ६ हून किंचित् अधिक होते. २०११ च्या खानेसुमारींत लोकसंख्येंतील त्यांचें प्रमाण अनुक्रमें शेंकडा १६.६ आणि ८.६ असें होतें. तेव्हां बांकांवरचें अंतर बरेंच भरून आलें आहे, असें म्हणतां येईल.

परंतु त्याच पाहणींतील अध्यापकांचा तक्ता पाहिला म्हणजे चित्र बदलतें. सुमारें १६ लक्ष अध्यापकांपैकीं अनुसूचित जातींचे शेंकडा ९ च्या आसपास आणि अनुसूचित जमातींचे शेंकडा अडीचच्या आसपास होते. स्त्रिया शेंकडा ४३ होत्या. पण हा आकडा सर्व श्रेणी एकत्र धरून काढलेला आहे. सहायक प्राध्यापकांत त्यांचें जें प्रमाण दिसतें तें प्राध्यापकपदाच्या श्रेणींत दिसत नाहीं. जसजसें वर जावें तसतशी त्यांची संख्या रोडावते. सरासरीचा हाच दोष आहे: ती एकाच वेळीं खरें सांगते आणि झांकतेही. म्हणून पाहणी किती मोठी केली यापेक्षां ती कोणत्या घटकावर केली, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो.

या प्रश्नाचें मर्म ज्या कागदांत आहे त्याला महाराष्ट्रांतील कचेऱ्यांत ‘बिंदुनामावली’ म्हणतात. इतरत्र ‘रोस्टर’ हा शब्द रूढ आहे. शेंकडा १५ जागा राखून ठेवाव्या असें लिहिणें सोपें असतें. परंतु जागा तीनच असल्या तर त्यांतील शेंकडा १५ म्हणजे किती? माणसाचे अपूर्णांक करून त्याला नेमतां येत नाहीं. या अडचणींतून बिंदुनामावली निघाली. मंजूर जागांना एकापासून क्रमांक द्यावयाचे, आणि ज्या क्रमांकाशीं एखाद्या वर्गाचा वांटा पुरता एक भरतो, तो क्रमांक त्या वर्गाच्या नांवें लिहावयाचा. केन्द्रीय संस्थांत इतर मागासवर्गांचा वांटा शेंकडा २७ आहे. चार जागा झाल्या कीं तो एकाहून किंचित् अधिक होतो, म्हणून चौथा बिंदु त्यांचा. अनुसूचित जातींचा वांटा शेंकडा १५. त्यांचा पहिला बिंदु सातवा. अनुसूचित जमातींचा वांटा शेंकडा साडेसात. त्यांना चौदाव्या जागेपर्यंत थांबावें लागतें. २०१९ पासून आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांसाठीं शेंकडा १० जागा ठेवण्यांत आल्या, त्यांचा पहिला बिंदु दहावा. यादी २०० बिंदूंची असते याचेंही कारण सरळ आहे: शंभरांत साडेसाताचा अर्धा उरतो, दोनशेंत सर्व वांटे पूर्णांकांत बसतात, ५४, ३०, १५ आणि २०.

हा बिंदु रिकाम्या जागेचा कीं पदाचा, असाही एक वाद होता. आर. के. सभरवाल यांच्या खटल्यांत १९९५ सालीं सर्वोच्च न्यायालयानें निर्णय दिला कीं तो पदाचा असतो. सातव्या बिंदूवर नेमलेला अध्यापक निवृत्त झाला म्हणजे ती जागा पुन्हां त्याच वर्गांतून भरावयाची. त्या निर्णयास अनुसरून केन्द्र सरकारनें १९९७ सालीं नव्या नामावल्या घालून दिल्या.

येथपर्यंत सगळें गणित निर्विवाद वाटतें. पण क्रमांक घालण्यास आरंभ कोठून करावयाचा? सबंध विद्यापीठांतील एका श्रेणीच्या जागा एका ओळींत मांडावयाच्या, कीं प्रत्येक विषयाच्या विभागांत पुन्हां एकापासून मोजावयाचें? समजा, एका संस्थेंत सहायक प्राध्यापकांच्या ४० जागा आहेत. त्या एकत्र मोजल्या तर वर सांगितलेल्या प्रमाणांनीं इतर मागासवर्गांना सुमारें १०, अनुसूचित जातींना ६ आणि अनुसूचित जमातींना ३ जागा येतात. आतां त्याच ४० जागा दहा विभागांत चार-चार अशा वांटल्या आणि प्रत्येक विभाग वेगळा मोजला, तर प्रत्येक ठिकाणीं मोजणी चौथ्या बिंदूपाशीं थांबते. इतर मागासवर्गांना १० जागा मिळतात. अनुसूचित जातींना एकही नाहीं, जमातींना एकही नाहीं. विभाग तीन-तीन जागांचे असले तर कोणासच कांहीं मिळत नाहीं. कायद्यांतील शेंकडेवारी जशीच्या तशी राहते, एकही अक्षर बदलत नाहीं, आणि तरीही राखीव जागा नाहींशा होतात. संस्कृत, पालि किंवा भूगर्भशास्त्र यांसारख्या लहान विभागांत चौदावी जागा यावी कशी?

हें केवळ कागदावरचें उदाहरण नव्हे. विद्यापीठ अनुदान आयोगानें २००६ सालीं सबंध संस्था हा घटक धरला होता. एप्रिल २०१७ मध्यें अलाहाबाद येथील उच्च न्यायालयानें विभाग हाच घटक धरावा असा निर्णय दिला. त्या निर्णयामागें एक विचार होता व तो दुर्लक्ष करण्याजोगा नव्हता. इतिहासाचा प्राध्यापक रसायनशास्त्राच्या जागेसाठीं उमेदवार होऊं शकत नाहीं. मग दोघांच्या जागा एका ओळींत कां मोजाव्या? शिवाय एकत्र मोजणींत एखाद्या विभागांतील सगळ्याच जागा राखीव व्हाव्या आणि दुसऱ्यांत एकही नसावी, असेंही घडूं शकेल. या निर्णयास अनुसरून आयोगानें ५ मार्च २०१८ रोजीं परिपत्रक काढलें. जानेवारी २०१९ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें केन्द्र सरकारचें अपील फेटाळलें, तेव्हां देशभरांतील अध्यापक व विद्यार्थी रस्त्यावर आले. तेरा बिंदूंची यादी कीं दोनशें बिंदूंची, हा वाद त्या दिवसांत वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर आला. तेरा आणि दोनशें या दोन आंकड्यांत कोणाच्या तरी मुलाचें सबंध आयुष्य सांठलेलें होतें. मार्चमध्यें सरकारनें वटहुकूम काढला आणि जुलै २०१९ मध्यें संसदेनें कायदा करून सबंध संस्था हा घटक पुन्हां कायम केला. २०२१ सालीं महाराष्ट्रानेंही आपल्या संस्थांसाठीं त्याच धर्तीवर पाऊल उचललें.

घटक ठरला म्हणजे काम संपतें असें मात्र नाहीं. महाराष्ट्रांत बिंदुनामावली मागासवर्ग कक्षाकडून तपासून घ्यावी लागते. तिच्यावर सही झाल्याशिवाय जाहिरात काढतां येत नाहीं. ही तपासणी नेमणुकीच्या आरंभीं होते. पण जाहिरात निघाल्यावर मुलाखती होतात, आणि कित्येकदां राखीव बिंदूसमोर ‘योग्य उमेदवार मिळाला नाहीं’ असा शेरा पडतो. तो शेरा एकदां पडला तर योगायोग म्हणावा; त्याच बिंदूसमोर वर्षानुवर्षें पडत राहिला तर निवडीच्या रीतीकडेच पाहिलें पाहिजे. दुसरी वाट याहूनही शांत आहे. कायम जागा भरावयाचीच नाहीं आणि तासिका तत्त्वावर अध्यापक घेऊन वर्ग चालवावयाचे. नामावलींत जागा दिसते, वर्गांत शिकवणें चालतें, परंतु शिकविणाऱ्याला ना निश्चित वेतन ना उद्यांची शाश्वति. म्हणून मंजूर जागा किती, भरलेल्या किती, रिकाम्या बिंदूंपैकीं प्रत्येक किती काळ रिकामा आहे, आणि तासिका तत्त्वावर कोण काम करीत आहेत, हे चार रकाने एकमेकांशेजारीं मांडल्याखेरीज तक्ता पुरा होत नाहीं.

विद्यार्थ्यांच्या बाबतींतही प्रवेशाचा आकडा हा पहिलाच रकाना होय. दिल्लींतील अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेंत राखीव जागांवर विद्यार्थी होते, तरीही तेथें भेदभाव होत असल्याच्या तक्रारी आल्या; तेव्हां २००६ सालीं सुखदेव थोरात यांच्या अध्यक्षतेखालीं समिति नेमली गेली. तिचा अहवाल २००७ सालीं सादर झाला. छळाला कंटाळून अनुसूचित जाति-जमातींचे विद्यार्थी वसतिगृहाच्या ठराविक मजल्यांवर एकत्र राहूं लागल्याचें समितीला आढळलें. प्रवेशाच्या तक्त्यांत हे मजले दिसत नाहींत. तेथें फक्त संख्या दिसते. पुढें २०१२ सालीं विद्यापीठ अनुदान आयोगानें नियम करून प्रत्येक संस्थेंत समान संधि कक्ष स्थापण्यास आणि भेदभावाच्या तक्रारींसाठीं अधिकारी नेमण्यास सांगितलें. त्याचप्रमाणें २०१६ च्या कायद्यानें अपंग विद्यार्थ्यांसाठीं उच्च शिक्षणांत निदान शेंकडा ५ आणि सरकारी नोकरींत निदान शेंकडा ४ जागा ठेवल्या. पण ग्रंथालय दुसऱ्या मजल्यावर असून वर जाण्यास केवळ जिनाच असेल, तर चाकाच्या खुर्चींतून येणाऱ्या मुलीचा प्रवेश दारापाशींच संपतो.

एक आक्षेप येथें नेहमीं घेतला जातो, आणि तो घेणाऱ्यांत सज्जनांची संख्या थोडी नाहीं. जाति विसरावी असें एकीकडे म्हणावयाचें आणि प्रत्येक अर्जावर जात लिहावयास लावावयाची, ही विसंगति नव्हे काय? उत्तर असें कीं, ताप मोजल्यानें ताप चढत नाहीं. जात लिहिली नाहीं तरी ओळखणारे ती आडनांवावरून ओळखतात, गांवावरून ओळखतात, बोलण्याच्या ढंगावरून ओळखतात. न मोजल्यानें ओळखणें थांबत नाहीं, केवळ त्याचा हिशेब राहत नाहीं. मात्र आक्षेपांतील एक अंश ग्राह्य आहे. ही माहिती मोजणीसाठीं घेतलेली असते, चव्हाट्यावर मांडण्यासाठीं नव्हे. शिष्यवृत्तीच्या यादींतील नांवें वर्गांत मोठ्यानें वाचून दाखविलीं जातात, तेव्हां मदतीचेंच रूपांतर अपमानांत होतें. आकडे उघड असावे आणि माणसें झांकलेलीं असावीं, हा या कामाचा पहिला शिष्टाचार होय.

मुलामुलींना कॉलेजांत घालतांना घरचीं मंडळी निकालाची चौकशी करतात, फीची करतात, वसतिगृहांतील जेवणाची करतात. त्यांत आणखी तीन प्रश्नांची भर पडण्यास हरकत नाहीं. पहिल्या वर्षीं आलेल्या निरनिराळ्या वर्गांतील विद्यार्थ्यांपैकीं किती शेवटच्या वर्षाला पोंचले? अध्यापकांच्या नामावलींतील कोणते बिंदु केव्हांपासून रिकामे आहेत? आणि मागील वर्षीं समान संधि कक्षाकडे आलेल्या तक्रारींचें पुढें काय झालें? ज्या संस्थेकडे या प्रश्नांचीं उत्तरें तयार असतील, ती निर्दोष असेलच असें नाहीं. पण आपला दोष कोठें आहे हें तिला ठाऊक असेल. कोल्हापूरच्या जाहीरनाम्यांत दर तीन महिन्यांनीं तक्ता मागितला होता, तो याच उद्देशानें. वचन एकदां देऊन भागतें; तक्ता मात्र पुनःपुन्हां भरावा लागतो.